समुद्र, दोन रंगपेट्या आणि मी

प्रवासात समुद्राची चित्रे काढणाऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात फार रम्य कल्पना असतात. पांढरी टोपी घातलेला, डोळे किंचित मिटून कुंचल्याच्या दांडीने क्षितिजाचे माप घेणारा आणि अधूनमधून खोल सुस्कारा टाकणारा असा कोणी गृहस्थ त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. त्यातला सुस्कारा तेवढा खरा आहे. बाकी वेळ तो गृहस्थ गुडघ्यांमध्ये कागद दाबून, एका हाताने टोपी सांभाळत, उडालेल्या फडक्याच्या मागे दुसरा हात लांबवत असतो, आणि क्षितिजाचे माप घ्यायला त्याच्याकडे तिसरा हात नसतो.

मी ही चित्रे जलरंगांत काढतो, अ‍ॅक्रिलिकमध्येही काढतो, आणि दोन्ही पेट्या एकाच प्रवासात बरोबर नेतो. माझ्या सगळ्या हालअपेष्टांचे मूळ तिथे आहे. शहाणी माणसे घरून निघतानाच एक काय ते ठरवतात. मला ते जमत नाही, कारण समुद्र स्वतःच एक काय ते ठरवत नाही. पहाटे पाण्यावर धुके असते, ओल्या वाळूत ढग उतरलेले असतात, लांबचे डोंगर असून नसल्यासारखे दिसतात, आणि हे सारे जलरंगांनीच करावे असे कोणीही सांगेल. दोन तासांनी वारा उठतो, खडकांवर लाटा फुटू लागतात आणि तिथे जलरंगांची पंचाईत होते. जलरंगांत पांढरा म्हणजे कोरा कागद. फेसाचा कोणता तुषार कुठे उडणार हे आधी ठरवून तेवढी जागा रंग लावताना टाळत जायचे असते, आणि लाटेने आपला कार्यक्रम कोणालाही आगाऊ कळवलेला नसतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये हा प्रश्न नाही. आधी काळाभोर खडक रंगवावा, तो वाळू द्यावा आणि मग त्यावर पांढऱ्या रंगाचा जाडसर फटकारा मारून लाट हवी तिथे फोडावी. म्हणून दोन्ही पेट्या लागतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दोन्ही घरची भांडीही त्यालाच वाहून न्यावी लागतात, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

विमानाने जायचे असेल तर या भांड्यांची झडती होते. हातातल्या सामानात द्रव किंवा लेपासारखा पदार्थ 100 मिलिलिटरहून मोठ्या डब्यात चालत नाही, हा नियम 2006 पासून जगभर रूढ झाला आणि बहुतेक विमानतळांवर अजून पाळला जातो. जलरंगांच्या वाळक्या वड्या त्यातून सुखरूप सुटतात. अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या नळ्या अडकतात, आणि त्याहून अधिक अडकते ती पॅलेट नाइफ. जिच्याने कागदसुद्धा धड कापला जात नाही, त्या बोथट पट्टीकडे तपासणी करणारा माणूस ज्या गांभीर्याने पाहतो, तितक्या गांभीर्याने माझ्या चित्रांकडे आजवर कोणी पाहिलेले नाही. ‘हे काय आहे?’ असे विचारल्यावर ‘पेंट’ असे उत्तर मुळीच देऊ नये. त्या शब्दासरशी समोरच्याच्या डोळ्यांपुढे ज्वालाग्राही डबे उभे राहतात. ‘पाण्यात मिसळणारे चित्रकलेचे रंग’ असे सावकाश, पूर्ण वाक्यात सांगावे आणि नळ्या मुकाट्याने मोठ्या बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवाव्यात. तिथे एखादी फुटलीच तर ती नेहमी निळीच असते.

या सगळ्याला तसा मोठा इतिहास आहे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये रंगांसाठी कथलाच्या, दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि हवे तेव्हा तिला टोचून बाहेर काढत. तसल्या पिशव्या घेऊन वाळूत बसायला कोण जातो? नळ्या आल्या आणि चित्रकार घराबाहेर पडला. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक आणखी शतकभराने, 1950 च्या दशकात, कलाकारांच्या हाती आले. जलरंग या दोहोंच्या कितीतरी आधीचे. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ते आजही पहिल्याच दिवसासारखे बावरतात.

हे बावरणे समजून घ्यायचे तर दोन्ही रंगांची घडण पाहावी लागते. जलरंगांत रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. तो पाण्यात विरघळतो, वाळतो आणि पुन्हा पाणी लागले की पुन्हा विरघळतो; झाले गेले विसरून नव्याने सुरुवात करायची त्याची नेहमीच तयारी असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. त्यानंतर पाणी काय, पश्चात्ताप काय, कशाचाही उपयोग होत नाही. आता या दोघांना किनाऱ्यावर आणावे. हवेत दमटपणा असतो, म्हणून पहाटे आभाळाला दिलेला जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, वाळण्याचे नाव घेत नाही. वाळायच्या आत क्षितिजाची रेघ मारली तर समुद्र फुटून आभाळात चढतो, आणि वाळेपर्यंत थांबावे तर ज्यासाठी थांबलो ते धुकेच विरून जाते. दुपारी अ‍ॅक्रिलिक काढावे, तर ऊन आणि वारा मिळून पॅलेटवरच्या रंगांची साल करून टाकतात. लाटेसाठी नेमका हवा तो हिरवा तयार व्हावा आणि कुंचला त्यात बुडवायला जावे, तोच सरकारी कचेरीतली खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हावी तसा तो डोळ्यांदेखत मिटतो. त्यावर उपाय आहेत. पॅलेटखाली ओला स्पंज ठेवतात, वरून पाण्याचा फवारा मारतात, रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात खास द्रव मिसळतात. मी हे सगळे करतो. मग वारा पडतो, ढग येतात आणि तेच अ‍ॅक्रिलिक संध्याकाळपर्यंत चिकट राहते.

खरी गंमत त्याच्याही पुढची आहे. जलरंग वाळला की फिका पडतो. अ‍ॅक्रिलिक वाळले की गडद होते, कारण ओले असताना त्यातला प्लास्टिकचा अंश दुधासारखा पांढुरका असतो आणि वाळताना तो पारदर्शक होतो. त्यामुळे एकाच खाडीची दोन चित्रे शेजारी-शेजारी काढली आणि दोन्हींत ओला निळा अगदी तंतोतंत जुळवला, तरी तासाभराने एका चित्रात सकाळ झालेली असते आणि दुसऱ्यात तिन्हीसांजा. आमच्या सौभाग्यवतींनी ही दोन्ही चित्रे बराच वेळ निरखली आणि विचारले, “अहो, यातला खरा समुद्र कोणता?” मी समुद्राकडे बोट दाखवले. तो तोवर राखाडी झाला होता.

पाण्याच्या काठी बसून पाणी घरून न्यावे लागते, हे कोणाला सांगून पटत नाही. समोर एवढा समुद्र असताना चित्रकार बाटली कशाला उघडतो, अशा नजरेने येणारे-जाणारे पाहतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. ओल्या जलरंगावर मिठाचे खडे टाकून चांदण्यांसारखे ठसे उमटवण्याची एक युक्ती आहे खरी, पण तिथे मीठ आपण टाकतो, आपल्याला हवे तिथे. खारे पाणी सगळ्या चित्राला वापरले, तर कागदात उतरलेले क्षार हवेतली ओल ओढत राहतात आणि चित्र दमट दिवसांत पुन्हा ओलसर होते. तेव्हा गोडे पाणी न्यायचे. लिटरला किलो या हिशोबाने. बरे, जाताना नेलेले ओझे येताना कमी होईल म्हणावे, तर तेही नाही. अ‍ॅक्रिलिकचे कुंचले धुतलेल्या पाण्यात प्लास्टिक असते आणि काही रंगांत विषारी धातूही असतात, म्हणून ते ज्याचे चित्र काढले त्याच समुद्रात ओतणे बरे नव्हे. मी ते बाटलीत भरून परत नेतो. जाताना स्वच्छ पाणी, येताना मळके पाणी, वजन तितकेच. मुक्कामाच्या ठिकाणी त्या जांभळट बाटलीबद्दल एकदा मला अत्यंत अदबीने ‘औषध आहे का?’ असे विचारण्यात आले होते.

भरती-ओहोटीचे गणित सोपे आहे असे सगळे सांगतात. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणजे भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. आता याचा चित्रकाराच्या बाजूने विचार करावा. आज सकाळी नऊला एका खडकाचे अर्धे चित्र झाले. उरलेले करायला उद्या नऊला गेलो, तर ऊन जागच्या जागी असते, पण पाणी आपल्या जागी नसते. पाणी जुळेपर्यंत थांबलो, तर ऊन पुढे सरकून खडकाची सावली भलतीकडे पडते. ऊन आणि पाणी दोन्ही पुन्हा जुळायला साधारण पंधरवडा लागतो, आणि अर्ध्या खडकासाठी तितकी रजा कोणी देत नाही.

या बाबतीत थोरामोठ्यांचेही काही चालले नाही, हाच एक दिलासा. नोव्हेंबर 1885 मध्ये प्रख्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, एत्रेताच्या प्रसिद्ध कड्याखाली चित्र काढत बसले होते. ओहोटी चालली आहे अशा समजुतीत ते कामात गढून गेले आणि एक मोठी लाट आली ती त्यांना सामानासकट कड्यावर आदळून मागे ओढून गेली. ते कसेबसे बाहेर आले. हातातली पॅलेट तोंडावर आपटल्यामुळे त्यांची दाढी निळ्या-पिवळ्या रंगांनी माखली होती आणि चित्राची पुरती वाट लागली होती. हे सगळे त्यांनी स्वतःच पत्रातून कळवले आहे. त्याच्याही आधीचे, 1870 मधले त्यांचे त्रूव्हीलच्या किनाऱ्याचे एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगांत त्या किनाऱ्यावरच्या वाळूचे कण आजही अडकलेले आहेत. मोनेंच्या चित्रातली वाळू हा ते चित्र जागेवरच काढल्याचा पुरावा ठरते. माझ्या चित्रातली वाळू पाहून लोक नखाने खरवडतात. इथेही दोन्ही रंगांची तऱ्हा वेगळी: जलरंगावर पडलेली वाळू चित्र वाळल्यावर बहुतेक झटकता येते, अ‍ॅक्रिलिकवर पडलेली मात्र पापुद्र्यात कायमची मुक्कामाला येते.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. कॅनव्हास उभा केला की त्याचे शीड होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. इझलच्या, म्हणजे चित्र उभे करायच्या तिकाटीच्या, मधोमध दगडांची पिशवी लटकवावी असे जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. फक्त किनारा निव्वळ वाळूचा असेल तर दगड कुठून आणायचे, याबाबत जाणकार गप्प असतात. हल्ली मी कॅनव्हासऐवजी पुठ्ठ्यावर ताणलेला लहान कॅनव्हास बोर्ड वापरतो आणि जलरंगांसाठी चारही कडांनी डिंकाने चिकटवलेला कागदांचा ठोकळा. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, तरी असावा. त्याहून पातळ कागद ओला झाला की फुगून त्याच्यावर आपल्या आपण लाटा उठतात, आणि त्या चित्रातल्या लाटांशी कधीच जुळत नाहीत.

निसर्गाचे एक वेळ परवडले, पण प्रेक्षकांपासून सुटका नाही. डोंगरात चित्र काढणाऱ्याला निदान चढण राखते. किनाऱ्यावर सगळे जग फिरायलाच आलेले असते. पहिला प्रकार मागे उभा राहून काहीच न बोलणाऱ्यांचा. त्यांचा श्वास ऐकू येतो. दुसरा प्रकार लहान मुलांचा, आणि त्यांचे प्रश्न सर्वांत अवघड असतात. “काका, समुद्र निळा असतो ना? मग तुम्ही मातकट का काढलात?” आता पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते म्हणून खोल समुद्र निळा दिसतो, उथळ पाण्याखाली फिकी वाळू असली की तो हिरवट दिसतो, नदीच्या मुखाशी गाळ असला की मातकट दिसतो आणि वर आभाळाचे प्रतिबिंब पडते ते वेगळेच, हे सगळे मी त्या मुलाला नीट समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, माझ्या पेटीतल्या अल्ट्रामरीनच्या गडद निळ्या वडीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “हा आहे की तुमच्याकडे!”

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांना समुद्र खरोखर कळतो अशी माणसे, आणि त्यांच्यापुढे कोणतीही कलादृष्टी टिकत नाही. एका खाडीत नांगरलेली एक सुंदर होडी मी जलरंगात काढत होतो. नांगरलेली होडी स्थिर असते हा शहरी समज आहे; वारा आणि पाण्याची ओढ बदलली की ती सावकाश तोंड फिरवते. डावीकडे तोंड असलेली ही होडी मी काढायला घेतली आणि रंग भरेपर्यंत तिने माझ्याकडे पाठ केली होती. तरीही मी आठवणीने ती पुरी केली. शेजारी जाळे विणत बसलेले एक वयस्कर मच्छीमार उठून आले आणि चित्रावर वाकले.

“कुणाची होडी ही?”

“ती तिथली, समोरची.”

“ती नाही ही. तिची नाळ, हे पुढचं टोक, एवढं उभं नाही.” मग त्यांनी कागदाला स्पर्श न करता बोट फिरवले. “आणि हा दोर असा ढिला का? तुमचा हा झेंडा फडकतोय डावीकडे, म्हणजे वारा उजवीकडून. मग होडी दोराला ताण देऊन डावीकडे जाणार. दोर ढिला राहील कसा?”

“चित्रात चालतं असं, काका.”

“चित्रात चालत असेल,” ते म्हणाले, “पाण्यात नाही चालणार.”

ते पुन्हा जाळ्याकडे गेले. चित्र जलरंगात असल्यामुळे दोर ताणणे आता शक्य नव्हते. वारा बदलणे तेवढे माझ्या हातात होते, म्हणून मी झेंडा पुसट करून त्याचा पक्षी केला. थोड्या वेळाने ते पुन्हा आले, पक्ष्याकडे पाहिले आणि हा कोणता पक्षी असे न विचारण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. मी आजवर पुष्कळ कलासमीक्षा वाचली आहे. इतकी मुद्देसूद आणि इतकी संयत समीक्षा क्वचितच वाट्याला आली.

घरची मंडळी हा प्रेक्षकांचा वेगळा वर्ग. त्यांना चित्रात रस नसतो, चित्र संपण्यात असतो. सगळी मंडळी किनाऱ्यावर येतात, मोबाइलवर सूर्यास्ताचा फोटो काढतात आणि एका क्षणात त्यांचे काम आटोपते. सूर्यास्त हा तर चित्रकाराचा शत्रूच. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पुरता बुडेपर्यंत विषुववृत्ताच्या आसपास दोन-अडीच मिनिटेच लागतात. तेवढ्यात अ‍ॅक्रिलिकच्या नळीचे वाळून बसलेले झाकणही उघडत नाही. म्हणजे सूर्यास्ताचे प्रत्येक चित्र सूर्य गेल्यावर, अंधारात आणि स्मरणाने काढलेले असते. त्या अंधारात पिवळा आणि पांढरा ओळखू येत नाहीत. “अहो, सूर्य गेला, आता काय बघून काढताय?” या प्रश्नाला कलेच्या इतिहासात समाधानकारक उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात चित्र पाहिले, तेव्हा सौभाग्यवतींनी आणखी एक गोष्ट नजरेस आणून दिली: क्षितिज उजवीकडे किंचित उतरले होते. डोंगर वाकडा चालतो, झाड तर वाकडेच बरे दिसते, पण समुद्राची रेघ केसभर कलली तरी सगळे पाणी चौकटीबाहेर वाहून चालल्यासारखे वाटते. यावर मी इझल वाळूत एका बाजूने रुतले होते असे सांगितले, आणि ते खरेही होते.

परतीच्या वेळी चित्रे बांधण्याचे काम असते आणि तिथेही दोन कायदे असतात. जलरंगांना पाण्याचा थेंब लागता कामा नये. अ‍ॅक्रिलिकला पाण्याची भीती नाही. पण दोन चित्रे समोरासमोर ठेवून दाबली, तर वरून वाळलेले दिसणारे थर उष्णतेने एकमेकांना चिकटतात आणि मग खडकाचा निम्मा फेस समोरच्या चित्रातल्या आभाळात जातो. मध्ये मेणकागद घालावा लागतो. हवेच्या बारीक फुग्यांचे प्लास्टिक (बबल रॅप) थेट रंगावर गुंडाळले, तर शांत समुद्रावर सगळीकडे ओळीने गोल ठसे उमटतात. ते पाहून ‘पाऊस फार सुरेख दाखवलाय’ असे म्हणणारे रसिकही भेटतात.

हे सगळे एका चित्रकार मित्राला ऐकवले, तेव्हा त्याने मन लावून ऐकले आणि म्हणाला, “अरे, मग गवॉश का वापरत नाहीस? दोन्हींच्या बरोबर मधला रंग.” म्हणणे पटण्यासारखे होते. गवॉश जलरंगासारखा डिंकाचा असतो, म्हणून वाळल्यावरही पाण्याने हलवता येतो. आणि अ‍ॅक्रिलिकसारखा अपारदर्शक असतो, म्हणून काळ्या खडकावर पांढरी लाट फोडता येते. मी ताबडतोब एक पेटी आणली आणि घरी बसून करून पाहिले. गवॉशचे फिके रंग वाळले की गडद होतात आणि गडद रंग वाळले की फिके पडतात. म्हणजे दोन्ही पेट्यांच्या खोडी आता एकाच चित्रात मिळतात. पुढच्या सुट्टीत समुद्रावरच जायचे ठरले आहे. गवॉशची पेटी फारशी जड नाही, तिच्यासाठी आधीच्या दोघींपैकी कोणालाही घरी ठेवण्याची गरज नाही, असे मी सौभाग्यवतींना सांगितले आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.